ट्यूबवरची बारीक अक्षरं

आमच्या घरी देवघराच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात औषधं असतात. डोकेदुखीच्या गोळ्या, ओआरएसच्या पुड्या, कापूस, आयोडिनची बाटली, आणि अर्ध्या पिळून गुंडाळून ठेवलेल्या मलमांच्या ट्यूबा. बहुतेक घरांत असा एक डबा असतोच. गेल्या आठवड्यात तो साफ करायला घेतला आणि एक जुनी ट्यूब हाताला लागली. तिची मुदत कधीच संपली होती. टाकून द्यायची म्हणून उचलली, पण टाकवेना. त्या ट्यूबेशी माझा एक हिशेब राहिला आहे. तो आज इथे मांडतो.

विषय तसा चारचौघांत बोलायचा नाही. गजकर्ण! आमच्याकडे कोणी नायटा म्हणतं, कोणी दाद म्हणतं. संस्कृतातल्या दद्रूची ही दाद. रानोमाळ उगवणारा आपला तरोटा, ज्याची पावसाळ्यात आपण भाजी करतो, त्याला आयुर्वेदात 'चक्रमर्द' आणि 'दद्रुघ्न' अशी नावं आहेत. चकत्यांचा नाश करणारा तो चक्रमर्द. म्हणजे हा रोग आजचा नाही. पण आज त्याचं जे झालं आहे ते मात्र आजचंच आहे, आणि त्यात माझ्यासारख्या शहाण्या माणसांचा वाटा आहे.

२०१४ चा पावसाळा. आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातली हवा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात अंगाची काहिली, आणि पाऊस लागला की चार महिने काही वाळत नाही. कपडे ओलसर, अंगाला घाम. मला जांघेत खाज सुटली. मग गोल चट्टा उठला. कडा लाल, मध्ये साफ. निवृत्त मास्तर, वय साठीच्या पुढे, ही गोष्ट डॉक्टरला दाखवायची तरी कशी? मेडिकलमध्ये गेलो, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच सांगितलं. समोरच्या पोरानं मान वर न करता एक ट्यूब पुढे सरकवली. "हे लावा गुरुजी, दोन दिवसांत आराम."

आणि खरोखर दोन दिवसांत आराम पडला! लाली गेली, खाज गेली. मी लावणं बंद केलं. पंधरा दिवसांनी चट्टा परत आला, यावेळी थोडा मोठा. परत ट्यूब, परत आराम. असं दोन वर्षांहून जास्त चाललं. चट्टा जांघेतून मांडीवर, मांडीवरून कमरेवर गेला. मग आमच्या सौ.ना झालं. पण ट्यूबेवर मला कधी शंका आली नाही. उलट मी तिचा प्रचारक झालो. कोणी खाजवताना दिसलं की मी नाव सांगत असे. काही जण तर तिला 'गुरुजींचं मलम' म्हणू लागले होते, आणि मला त्याचं बरंही वाटायचं.

२०१६ च्या दिवाळीत लेकीकडे नागपूरला गेलो होतो. तिनं हट्टानं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चट्टे पाहिले आणि म्हणाल्या, "लावता ती ट्यूब दाखवा." सुदैवानं खिशात होती. त्यांनी चष्मा वर केला आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली. एक बुरशी मारणारं औषध, एक जंतू मारणारं औषध, आणि क्लोबेटासॉल. मग मला विचारलं, "काका, तुम्ही शिक्षक होतात ना? हे वाचलं नाहीत का कधी?"

वाचकहो, पस्तीसएक वर्षं मी पोरांना वाचायला शिकवलं. प्रश्न आधी नीट वाचा, मग उत्तर लिहा, हे हजार वेळा सांगितलं असेल. पण स्वतःच्या अंगाला काय लावतो ते एकदाही वाचलं नव्हतं.

क्लोबेटासॉल हे स्टिरॉइड आहे. लावायच्या स्टिरॉइडांत सगळ्यात जहाल वर्गातलं. ते औषध वाईट नाही. सोरायसिससारख्या काही रोगांत डॉक्टर मोजून देतात आणि रोग्याला त्याचा गुण येतो. पण बुरशीवर ते काय करतं हे बाईंनी समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगतो.

गजकर्ण हा किडा नाही, ती बुरशी आहे. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातल्या केरॅटिनवर ती जगते आणि वर्तुळासारखी बाहेर बाहेर पसरते. म्हणून मध्ये साफ आणि कडेला लाल. लाली आणि खाज म्हणजे आपल्या शरीरानं तिच्याशी मांडलेलं भांडण. आता धानाच्या बांधीत रात्री जागलीला बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. रानडुकरं आली की तो ओरडतो, डबे वाजवतो. त्याच्या ओरडण्यानं तुमची झोप मोडते म्हणून तुम्ही त्याचंच तोंड बांधलं, तर रात्र शांत जाईल. पण सकाळी बांधीत धान राहणार नाही. स्टिरॉइड राखणदाराचं तोंड बांधतं. बुरशी निवांत चरते. सोबत बुरशीचं औषध असलं तरी दोन-चार दिवसांत खाज थांबल्यावर आपण ट्यूब ठेवून देतो, तेवढ्यात बुरशी काही मरत नाही. ट्यूब सुटली की ती दुप्पट उफाळते. वर चट्ट्याचं रूपही असं बदलतं की कधी डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही.

आणि कातडीचं काय होतं? ती पातळ होते. जांघेत, काखेत, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे पडतात. ते कायमचे. माझ्या मांड्यांवर ते आजही आहेत. रंग उडतो. चेहऱ्याला लावलं तर लाली, पुरळ आणि बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. गोरं होण्यासाठी हीच मलमं चेहऱ्याला लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. डोळ्यांजवळ दीर्घकाळ लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो. लहान बाळाच्या लंगोटाखाली लावलं तर औषध कातडीतून अंगात भिनतं, आणि शरीर स्वतः जे स्टिरॉइड बनवतं त्यात बिघाड होऊ शकतो.

मला बरं व्हायला पाच महिने लागले. सौ.ना चार.

हे एकट्या माझं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. या गेल्या काही वर्षांत सगळ्या देशात चिवट गजकर्णाची साथच आली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या कातडीतून मिळालेल्या एका बुरशीला नवं नाव दिलं, ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश आला. टर्बिनाफिन हे एरवी हमखास लागू पडणारं औषध, पण या बुरशीच्या पुष्कळ वाणांवर ते चालत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं जाहीर केलं. मिश्र मलमांचा बेसुमार वापर हे या साथीमागचं एक मोठं कारण असावं, असं आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. तज्ज्ञांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइडयुक्त लावायची औषधं 'अनुसूची एच'मध्ये घातली गेली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात अशी काही त्वचेची मलमंही होती. कायदा झाला. पण तालुक्याच्या गावी संध्याकाळी सात वाजता मेडिकलच्या काउंटरवर कायदा उभा नसतो. तिथे खाजवणारा माणूस असतो आणि ट्यूब असते.

यावर शहरातली मंडळी पटकन म्हणतात, "डॉक्टरकडे जायला काय होतं?" त्यांना मी एटापल्लीच्या किंवा भामरागडच्या आतल्या गावांतून गडचिरोलीला बसनं यायला सांगीन, तेही पावसाळ्यात. एक दिवसाची मजुरी बुडते, भाडं लागतं, सोबत कोणी तरी लागतं. तेही कशासाठी, तर खाजेसाठी! रोवणीच्या दिवसांत बाया दिवसभर गुडघाभर चिखलात उभ्या असतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून चिखल्या होतात. त्यांनी कोणत्या दिवशी जायचं डॉक्टरकडे? आमच्या भागात मेडिकलवाला हाच डॉक्टर आहे, हे मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे. आणि मेडिकलमध्ये गेलं नाही तर लोक काय लावतात तेही मला माहीत आहे. कच्चा लसूण घासतात, रॉकेल लावतात, बिब्बा लावतात. बिब्ब्यानं तर कातडी फोडांनी भरते. तेव्हा 'काहीच घेऊ नका' हा उपदेश मी करणार नाही.

माझं म्हणणं असं की घ्या, पण साधं घ्या, आणि वाचून घ्या.

साधं म्हणजे ज्यात एकच औषध आहे असं. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल अशी नावं असतात. त्याच्या पुढे आणखी दोन नावं असतील आणि त्यांतलं एखादं 'सोन' किंवा 'सॉल'नं संपत असेल, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, तर ती ट्यूब काउंटरवरच परत सरकवा. 'झोल' चालेल, 'सोन-सॉल' नको. पोरांना पाढे शिकवावेत तसं हे मी आता लोकांना शिकवतो. सगळी स्टिरॉइडं या पाढ्यात बसत नाहीत, म्हणून एकच नाव असलेली ट्यूब मागणं हे सगळ्यात सुरक्षित. नावं इंग्रजीत असतात. घरातल्या शिकत्या पोराकडून वाचून घ्या.

लावण्याची पद्धत सोपी आहे. अंघोळ करून जागा नीट पुसून पूर्ण कोरडी करा. चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटं लावा, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. क्लोट्रिमॅझोलसारखं मलम दिवसातून दोनदा. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावा. माझ्यासारखे बहुतेक जण चुकतात ते इथेच. खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नाही. कपडे गरम पाण्यानं धुवा, उलटे करून उन्हात वाळवा, टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. घरात दोघांना असेल तर दोघांनी एकाच वेळी उपचार करा, नाहीतर ते आलटून पालटून फिरत राहतं. आणि कमरेचा करदोडा! तो सदा ओला, सदा घासणारा. बाईंनी मला तो काढायला लावला. आईनं बांधलेला म्हणून जीवावर आलं, पण काढला.

साध्या मलमाचेही त्रास असतात, ते सांगितलं पाहिजे. लावल्यावर थोडी आग होते, किंचित लाली येते, बहुतेकांची ती थांबते. पण सूज आली, फोड आले, पाणी सुटलं, खाज वाढत गेली तर ते औषध तुमच्या कातडीला सोसत नाही असं समजून धुऊन टाका आणि बंद करा. डोळ्यात, तोंडात जाऊ देऊ नका. हृदयाच्या झडपेसाठी किंवा रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन घेणाऱ्यांनी मायकोनॅझोल डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नये. ते कातडीतूनही थोडं अंगात जातं आणि वॉरफरिनचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. गरोदर बाईनं आणि लहान बाळासाठी विचारूनच. डोक्यातल्या केसांतलं गजकर्ण आणि नखांतली बुरशी सहसा मलमानं जात नाही, त्याला पोटात घ्यायचं औषध लागतं, ते डॉक्टरच देणार. साध्या मलमानं दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल, चट्टा पसरत असेल किंवा परत परत येत असेल तर मात्र दवाखाना गाठायचाच. तिथे साखरही तपासून घ्या. मधुमेह असला की बुरशीचं फावतं.

इथपर्यंत लिहून थांबता आलं असतं. पण हिशेब राहिला म्हणालो तो पुढे आहे.

आमच्या गल्लीत एक बाई भाजी घेऊन यायची. हंगामात रोवणीला, कापणीला जायची, एरवी टोपली डोक्यावर. २०१५ मध्ये तिनं एकदा कोपराच्या खाली एक चट्टा दाखवला. फिकट, किंचित लालसर, रुपयापेक्षा थोडा मोठा. "गुरुजी, हे काय आहे जी?" मी चष्मा लावून पाहिलं आणि निदान केलं. "गजकर्ण आहे. हे मलम लाव." माझी उरलेली ट्यूब तिला दिली. पुढे तीच ट्यूब ती विकत आणू लागली. मध्ये एकदा म्हणाली, "खाज त नाहीच जी त्याला, पण चट्टा बी जात नाही." मी म्हटलं, "लाव, जाईल."

खाज त नाहीच जी. हे वाक्य तिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

नागपूरहून परतल्यावर मी तिला ती ट्यूब बंद करायला सांगितलं, पण दवाखान्यात जा असं सांगायचं मला तेव्हाही सुचलं नाही. त्याच सुमारास घरोघरी कुष्ठरुग्ण शोधण्याची सरकारी मोहीम आमच्याकडे सुरू झाली होती. पथकातल्या बाईंनी तिला डोळे मिटायला लावले आणि चट्ट्याला कापूस टेकवला. तिला कळलं नाही. कोपराजवळची नस जाड झाली होती. करंगळी आणि शेजारचं बोट वाकायला लागलं होतं. टोपली धरताना हात नीट बसत नाही असं ती म्हणायची, ते म्हातारपणानं असेल असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं.

ज्या जिल्ह्यात बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली, ज्या वरोऱ्याच्या आनंदवनात मी शाळेच्या सहली नेल्या, पोरांना कुष्ठरोगावर निबंध लिहायला लावले, त्या जिल्ह्यातला मी शिक्षक. न खाजवणारा, फिकट, बधिर चट्टा म्हणजे काय, हे मी फळ्यावर लिहून दिलं होतं! पण समोर आला तेव्हा मला फक्त माझी ट्यूब दिसली.

सरकारी दवाखान्यातून तिला फुकट औषधं मिळाली. कुष्ठरोगाचा उपचार प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांचा असतो, आणि रोग पूर्ण बरा होतो. तिचाही झाला. बोटं मात्र वाकडी राहिली. लवकर कळलं असतं तर कदाचित राहिली नसती. मी तिच्या घरी गेलो, माझी चूक झाली असं सांगितलं. ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दवाखान्यात विचारत होते जी, मलम कोणी दिलं म्हणून. मी तुमचं नाव नाही घेतलं."

तिनं नाव घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून माझं मत, आणि ते ठाम आहे. एक, डॉक्टर नसलेल्यानं दुसऱ्याला मलम सुचवणं हा परोपकार नाही. गावात मास्तर, सरपंच, दुकानदार यांच्या शब्दाला वजन असतं, त्यांनी तर मुळीच सुचवू नये. दोन, स्टिरॉइड असलेल्या प्रत्येक मलमावर 'हे गजकर्णाचं औषध नाही' असं मराठीत, ठळक अक्षरांत छापलं पाहिजे. तीन, साधं क्लोट्रिमॅझोल पावसाळाभर प्रत्येक उपकेंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत असावं. साधं औषध फुकट आणि जवळ मिळालं तर जहाल औषध विकत घ्यायला कोण जाईल? आणि चार, कोणतंही मलम लावण्याआधी डोळे मिटून चट्ट्याला कापसाचं टोक टेकवून पाहा. खाज नाही, स्पर्श कळत नाही, तिथले केस गेलेत, घाम येत नाही, यांतलं काहीही असेल तर ट्यूब खाली ठेवा आणि त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. लाजू नका.

मेडिकलवाल्या त्या पोरावर माझा राग नाही. त्यानं विकलं. मी तर फुकट वाटलं.

भाजीवाली बाई आता थकली आहे. लेक टोपली घेऊन येते. परवा तिच्या पोराच्या मानेवर गोल चट्टा दिसला. तोंडावर आलेलं नाव मी गिळलं. विचारलं, खाजतं का? हो म्हणाला. कापूस आणून टेकवला, त्याला बरोबर कळलं, हसला. मग त्याच्या आईला म्हटलं, उद्या याला आरोग्य केंद्रात ने, मीही येतो सोबत. गेलो. साधं मलम मिळालं. ट्यूब त्याच्याच हातात दिली आणि वरची बारीक अक्षरं त्याच्याकडून वाचून घेतली. पाचवीत आहे, इंग्रजी अडखळत वाचतो. एकच नाव होतं. क्लो-ट्रि-मॅ-झोल.

असो. डबा साफ झाला. तुमचाही एकदा काढून बघा.